रानपिंगळ्याच्या वाटेनं इक्वेडोरकडे

१९९७ सालच्या नोव्हेंबरात, पाच दिवसांच्या अंतरानं, जगाच्या दोन टोकांना दोन पक्षी माणसाच्या नजरेला पडले. २० तारखेला दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात, अँडीजच्या ओल्या, धुक्यानं भरलेल्या उतारावर रॉबर्ट रिजली आणि त्यांच्या सोबत्यांना एक अनोळखी आवाज ऐकू आला. आवाजाचा धनी निघाला होकोतोको अँटपिटा. उंच पायांचा, तोंडाशी पांढरा पट्टा असलेला, बांबूच्या दाटीत जमिनीवर वावरणारा हा पक्षी तोवर शास्त्राला ठाऊकच नव्हता. २५ तारखेला सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या शहाद्याजवळ, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघांना रानपिंगळा दिसला. त्याचं नाव पुस्तकांत होतं, कातडी संग्रहालयांत होती, पण जिवंत पक्षी ११३ वर्षं कुणी पाहिल्याचा भरवशाचा पुरावा नव्हता.

या दोन तारखा माझ्या वहीत शेजारी शेजारी आल्या त्या मुलीमुळे. ती ह्यूस्टनला असते. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिनं आणि जावईबापूंनी आम्हा दोघांना एक मोठा प्रवास द्यायचं ठरवलं. थाटाचा, आरामाचा आणि माझ्या आवडीचा, म्हणजे जंगलाचा. मी शहाद्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. ह्यांची शेती आहे, ऊस आणि पपईची. ‘आई, तू फक्त देश सांग, बाकीचं मी बुक करते,’ असं ती फोनवर म्हणाली तेव्हा मी तिला सांगितलं की बुकिंग तू कर, पण आखणी माझी. प्रवासाचा निम्मा आनंद आखणीत असतो. दुसऱ्यानं आखून दिलेल्या प्रवासात आपण पाहुणे होतो, प्रवासी होत नाही.

इक्वेडोर निवडायला फार वेळ लागला नाही. देश महाराष्ट्रापेक्षा लहान, पण पक्ष्यांच्या जाती १,६०० च्या वर. अख्ख्या भारतात तेराशे-साडेतेराशे. एकट्या हमिंगबर्डच्याच तिथं १३० च्या आसपास जाती आहेत आणि आपल्या संपूर्ण आशिया खंडात एकही नाही. मधोमध अँडीजची रांग, पूर्वेला ॲमेझॉनचं खोरं, पश्चिमेला प्रशांत महासागर आणि त्या महासागरात हजारेक किलोमीटर आत गालापागोस बेटं. उंची बदलली की जंगल बदलतं, जंगल बदललं की पक्षी बदलतात. एका दिवसाच्या मोटारप्रवासात हिमशिखर आणि केळीच्या बागा दोन्ही दिसतात. शिवाय या देशानं २००८ साली आपल्या राज्यघटनेत निसर्गालाच हक्क दिले. ते हक्क कागदावर राहिले नाहीत. २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं लोस सेद्रोस नावाच्या जंगलात खाणकामाला याच कलमांच्या आधारे मनाई केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये यासुनी राष्ट्रीय उद्यानातल्या एका पट्ट्यातलं तेल जमिनीखालीच राहू द्यावं असा कौल लोकांनी मतदानानं दिला, शंभरातल्या जवळपास एकोणसाठ जणांनी. असा देश पाहावासा वाटला.

आरामाबद्दल आधी बोलते, कारण आमच्याकडे जंगल आणि आराम हे शब्द एकत्र उच्चारले की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ह्यांचे गुडघे दुखतात. मला रात्री उठावं लागतं. या वयात गरम पाणी, खोलीला लागून न्हाणीघर, दारापर्यंत येणारी गाडी आणि दुपारी दोन तास पाठ टेकायला स्वच्छ अंथरूण या गोष्टी मिरवण्याच्या नसतात. त्या असल्या तरच पहाटे पाचला दुर्बीण गळ्यात अडकवून निघता येतं. तेव्हा महागडं निवासस्थान नको, असं मी कधीच म्हणाले नाही. माझा प्रश्न वेगळा होता. माणशी एका रात्रीला शेकडो डॉलर मोजायचे, तर ते नक्की कशाचे?

मुलीनं पाठवलेल्या माहितीत पहिलं नाव माश्पीचं होतं. किटो या राजधानीपासून काही तासांवर ढगांच्या जंगलात उभं असलेलं, काचेच्या उंच भिंतींचं हॉटेल. अंथरुणातून डोळे उघडले की समोर झाडांचे शेंडे. किटोचे माजी महापौर रोके सेविया यांनी लाकूडतोड कंपनीच्या ताब्यातली जमीन घेऊन तिथलं जंगल राखलं आणि २०१२ मध्ये हे हॉटेल सुरू केलं. त्याच जंगलात शास्त्राला नवा असलेला एक बेडूक सापडला आणि माश्पीच्याच नावानं त्याची नोंद झाली. हे सगळं मला मनापासून आवडलं. जंगलतोडीच्या जागी जंगल राहिलं, तर काचेच्या भिंतीला माझी हरकत नाही.

दुसरं नाव मात्र वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. यासुनीच्या आत, नापो नदीच्या काठी आन्यांगू नावाची किचवा आदिवासींची वस्ती आहे. इनमीन दोनएकशे माणसांची. त्यांनी स्वतःच्या जंगलात शिकार बंद केली आणि एका तळ्याच्या काठावर पाहुण्यांसाठी निवासस्थान उभं केलं. मालक तेच, नावाडी तेच, वाटाडे तेच. कोका गावाहून मोटारबोटीनं नापोतून जायचं आणि शेवटचा टप्पा वल्ह्याच्या होडीनं. त्या ओढ्यात इंजिनाला परवानगी नाही. मिळालेल्या पैशातून त्यांची शाळा आणि दवाखाना चालतो आणि २१,००० हेक्टरांहून जास्त जंगल त्यांच्या राखणीखाली आहे. पोपटांचे थवे मातीच्या उघड्या दरडीवर क्षार चाटायला उतरतात, ते पाहायला जगभरातून लोक येतात.

नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते वेगळं सांगायला नको. आमच्याही सहा तालुक्यांत भिल्ल, पावरा, मावची, कोकणी वस्ती आहे, सातपुडा आहे, नर्मदा आहे. आणि एक पक्षीही आहे.

रानपिंगळ्याची गोष्ट मी वर्गात कित्येक वर्षं सांगितली, पण शहाद्याबाहेरच्या वाचकांसाठी ती पुन्हा सांगायला हवी. १८७२ मध्ये ब्लूइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडच्या भागात हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे नंतर काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ह्यूम यांनीच, त्याचं वर्णन केलं आणि ब्लूइटचं नाव दिलं. व्हॅलेंटाइन बॉल यांना एक ओडिशाच्या बाजूला मिळाला. बाकीचे मिळाले ते आमच्याकडे. खानदेशात मुलकी खात्यात असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत शहादा आणि तळोद्याच्या रानात ते टिपले आणि पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादीही छापून ठेवली. १८८४ नंतर मात्र सामसूम. जगातल्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने.

त्या सातांतल्या एकावर चिठ्ठी होती १९१४ ची, ठिकाण गुजरातमधलं तापीकाठचं मांडवी, आणि गोळा करणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन. पक्षिशास्त्रातलं हे फार वजनदार नाव. त्यामुळे नंतर ज्यांनी रानपिंगळा शोधला त्यांच्या नकाशावर मांडवी ठळक राहिली. सलीम अली आणि डिलन रिपली यांच्यासारख्यांनी शोध घेऊनही हाती काही लागलं नाही. मग रासमुसेन यांनी नमुने बारकाईनं तपासायला घेतले. मांडवीचा म्हणून ठेवलेला पक्षी डेव्हिडसनच्या हातचा निघाला. संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, वर खोटी चिठ्ठी लावलेला. ती एक चिठ्ठी खोटी ठरली आणि नकाशा बदलला. शोधायचं ते डेव्हिडसनच्या खऱ्या जागी, हे उघड झालं. १९९७ च्या नोव्हेंबरात तिघं आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळून रिकाम्या हातानं आले आणि शहाद्याजवळच्या उघड्या सागवानी रानात बेन किंग यांची नजर त्याच्यावर आधी पडली. लबाडीनं एका पक्ष्याचा शोध कित्येक दशकं भरकटवला आणि संयमानं केलेल्या तपासणीनं तो पुन्हा वाटेवर आणला. विज्ञान म्हणजे काय, ते मुलांना सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही.

त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी इथं अभ्यास केला. तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातलं खकनार अशा जागा पुढे आल्या. अलीकडे तानसा अभयारण्यात आणि गुजरातच्या पूर्णा अभयारण्यातही तो दिसला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याला ‘अतिधोक्यात’वरून ‘धोक्यात’ या पायरीवर आणलं गेलं. म्हणजे थोडा दिलासा, निश्चिंती नाही.

हे सगळं वहीत लिहीत असताना इक्वेडोरच्या पानावर होकोतोकोची तारीख लिहिली आणि हात थांबला. २० नोव्हेंबर. पाचच दिवस आधी. पुढे काय झालं ते वाचत गेले. तो पक्षी सापडल्याबरोबर १९९८ मध्ये त्याच्याच नावाची एक संस्था निघाली. तिनं पक्ष्याच्या आसपासची जमीन विकत घेऊन तापिचालाका नावाचं राखीव जंगल केलं. आज तिची अशी डझनाहून जास्त जंगलं आहेत. तापिचालाकात पाहुण्यांसाठी छोटं निवासस्थान आहे. वनरक्षक सकाळी गांडुळं घेऊन ठरलेल्या जागी जातो आणि तो बुजरा पक्षी बांबूतून बाहेर येतो. त्याला पाहण्यासाठी लोक तिकडच्या लोहा शहरातून डोंगरातला लांबचा रस्ता पार करून येतात. त्याच १९९८ च्या १ जुलैला आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. दोन्हीकडची सुरुवात एकाच सुमाराची.

म्हणून मी ठरवलं की इक्वेडोरला जाण्याआधी आपला पक्षी प्रवासी म्हणून पाहायचा. नवी दुर्बीण आली होतीच. ह्यांच्या गुडघ्यांना चढाव किती सोसतो तेही कळणार होतं. जानेवारीतल्या पहाटे आम्ही घरून निघालो. लोणखेडा, म्हसावद मागे पडलं. दोन्ही बाजूंना पपई, केळी आणि ऊस. कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या अंधारातच रस्त्याला लागलेल्या. उसात बिबट्या असतो म्हणून ऊसतोड कामगार लहान मुलांना एकटं सोडत नाहीत. राणीपूर ओलांडलं की बागायत संपते आणि सातपुडा एकदम समोर येतो.

आमचा वाटाड्या पायथ्याच्या पाड्यावरचा पावरा तरुण. त्याचे वडील माझे विद्यार्थी. पाड्याचं आणि जागेचं नाव लिहीत नाही. रानपिंगळ्याची नेमकी जागा छापू नये असं माझं ठाम मत आहे. गाडीतून उतरताच त्यानं पहिली गोष्ट सांगितली, ‘बाई, मोबाइल पिशवीत ठेवा. त्याचा आवाज वाजवायचा नाही.’ फोटो काढायला येणारे काही जण रेकॉर्ड केलेली साद वाजवतात. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो शिकार सोडून, ढोलीजवळची राखण सोडून भांडायला येतो. फोटो मिळतो, पण ऐन विणीच्या दिवसांत त्याची सकाळ वाया जाते. ‘थांबलं की दिसतो,’ तो म्हणाला. ‘ऊन खायला येतोच.’

साग जवळजवळ निष्पर्ण झाला होता. पायाखाली पानं इतकी वाजत होती की त्यानं आम्हाला एका कोरड्या नाळेतून, दगडांवरून नेलं. सालई, मोई, रोहण, मधूनच मोहाचं मोठं झाड. अशा झाडांच्या ढोल्यांत रानपिंगळा घरटं करतो. जुनी, आतून पोकळ झालेली झाडं जळणासाठी आधी जातात आणि त्यांच्याबरोबर त्याचं घरही. उघडं रान त्याला आवडतं, पण उघडं म्हणजे उजाड नव्हे. १९९० नंतर तळोद्याकडचं राखीव जंगल सरदार सरोवराच्या विस्थापितांना जमीन देण्यासाठी मोकळं करण्यात आलं. ज्यांची गावं नर्मदेत बुडाली त्यांना जमीन मिळायलाच हवी होती. मणिबेलीच्या आणि त्या काठच्या लोकांचा तो हक्क होता. पण डेव्हिडसनचं तळोद्याचं रान त्यात संपलं. धरणाची ही किंमत माणसानंही मोजली आणि पाखरानंही, आणि ती मोजणारे दोघंही या डोंगरातलेच. मला या दोन दुःखांना एकमेकांसमोर उभं करणारे लोक आवडत नाहीत.

तो दिसला ते ऊन अंगावर आल्यावर. वाळक्या फांदीच्या टोकाला, पाठ ताठ, तोंड उन्हाकडे. नेहमीचा पिंगळा आमच्या घरामागच्या चिंचेवर रोज असतो, त्यामुळे फरक लगेच कळला. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. छातीवर तपकिरी रंगाचे रुंद पट्टे, पोट पांढरं, पायांवर पांढऱ्या पिसांचे जाड मोजे आणि नखं शरीराच्या मानानं मोठी. मधूनमधून शेपटी झटक्यानं हलवत होता. घुबडाच्या कुळातला असून हा दिवसा शिकार करतो. बराच वेळ निश्चल बसून तो एकाएकी खाली आला आणि पानांतून एक सापसुरळी उचलून पलीकडच्या झाडावर गेला. ह्यांनी दुर्बीण खालीच घेतली नाही. शेतकरी माणूस, म्हणाले, ‘उंदीर, टोळ, सरडे खातो ना? मग हा आपला गडी आहे.’ जंगलखात्याच्या कुठल्याही फलकापेक्षा हे वाक्य गावोगाव लागावं असं मला वाटलं. घुबड अशुभ मानून त्याला गलोलीनं मारणं, जादूटोण्यासाठी त्याचे अवयव आणि अंडी वापरणं, हे आमच्याकडे अजून पूर्ण थांबलेलं नाही.

दुपारी घाटानं वर तोरणमाळला गेलो. काळापाणी, मग वळणांमागून वळणं, आणि सुमारे ११५० मीटर उंचीवर अचानक पसरलेला पठाराचा सपाट माळ आणि यशवंत तलाव. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेत इथं पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीतल्या मधल्या वारी तलावाकाठी आम्ही आणि चार-दोन गुरं होती. सीताखाईच्या कड्यावरून खाली पाहिलं की दरीतलं जंगल अजून दाट असल्याचं समाधान होतं. संध्याकाळी थंडी अशी उतरली की आम्ही दोघं गोधड्यांत गुरफटून बसलो. अस्वलं आहेत म्हणून अंधार पडल्यावर लोक तलावाकडे फिरकत नाहीत.

परतताना पाड्यावर जेवलो. दादरची भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भगरीचा भात. चुलीजवळ बसून त्या वाटाड्या मुलानं मला हिशेब सांगितला. थंडीत मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. लोक शहाद्याला उतरतात, तिथंच जेवतात, पहाटे येतात, नऊ-दहाला निघून जातात. पाड्याला मिळते ती एका वाटाड्याची मजुरी. जंगल राखायचं पाड्यानं, झाड तोडायचं नाही, गुरं आवरायची, वणवा विझवायला धावायचं, आणि पक्षी पाहायला आलेला माणूस पाड्यात पाणीही पीत नाही. ‘बाई, इथंच राहायची सोय केली तर थांबतील का लोक?’

मी त्याला आन्यांगूची गोष्ट सांगितली. मग आन्हेल पास यांचीही. किटोजवळच्या डोंगरातले हे शेतकरी. जंगल तोडून शेती करणाऱ्या कुटुंबातले. त्यांच्या जमिनीवर ‘कॉक ऑफ द रॉक’ या लालभडक पक्ष्यांची नाचायची जागा निघाली. लोक पाहायला येऊ लागले. त्यांना वाट दाखवता दाखवता पास यांनी एका लाजऱ्या, मोठ्या अँटपिटाला गांडुळं देऊन माणसाची सवय लावली, तिचं नाव मारिया ठेवलं, आणि २००५ च्या सुमारापासून जगभरचे पक्षिवेडे त्या शेतावर येऊ लागले. त्यांनी शेतासाठी झाडं तोडणं थांबवलं, कारण उभं झाड जास्त देत होतं. मुलानं लगेच विचारलं, ‘म्हणजे आपण पण खायला घालायचं का?’ नाही, मी म्हटलं. रानपिंगळा ऊन खायला आपणहून समोर बसतो. त्याला लालूच दाखवायची गरज नाही आणि सवय लावली तर उद्या गलोलवाल्यापासून तो पळणारही नाही. तिथलं जसंच्या तसं इथं आणायचं नसतं. तिथल्या माणसांनी कोणता प्रश्न विचारला, तो आणायचा.

त्या चुलीपाशी माझी आखणी बदलली. घरी येऊन वही उघडली आणि अर्ध्याहून जास्त ठिकाणं खोडली. मुलीनं सुचवलेली गालापागोसची जहाजसफर पहिली गेली. बेटांविषयी आदर आहे. १८३५ मध्ये डार्विन तिथं पाच आठवडे राहिले, १९७८ मध्ये युनेस्कोच्या अगदी पहिल्या यादीत बेटांचं नाव आलं, आणि तिथली शिस्त शिकण्यासारखी आहे. जहाजावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी नाहीत, उद्यानातल्या ठरावीक वाटांवर परवानाधारक निसर्गमार्गदर्शकाशिवाय पाऊल नाही. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढ माणसाचं उद्यानशुल्क १०० डॉलरचं २०० झालं, तेही मला योग्य वाटतं. ह्यांना राक्षसी कासवं पाहायचीच आहेत, म्हणून बेटं ठेवली, पण जमिनीवर मुक्काम करून, छोट्या गावात राहून. जहाजाचे वाचलेले पैसे आन्यांगूत जास्त रात्री राहायला वळवले. एका जंगलात दोन रात्री म्हणजे नुसती ओळख. चौथ्या सकाळी वाटाड्या तुम्हाला त्याच्या आवडत्या झाडाकडे नेतो. माझ्या मते निसर्गाच्या प्रवासात पैसे मोजावेत ते दोनच गोष्टींसाठी, जाणता वाटाड्या आणि पुरेसा वेळ. गादी कितीही मऊ असली तरी पक्षी दाखवत नाही. माश्पी या वेळी राहिलं. मुलगी जरा खट्टू झाली, मग म्हणाली, ‘आई, निदान मिंदोच्या जंगलात तरी दोन रात्री ठेव, हमिंगबर्डसाठी.’ ते ठेवलं.

आता उरलेलं कामाचं. किटो २,८५० मीटरवर आहे, म्हणून उतरल्यावर सुरुवातीचे दिवस सपाट चालणं, हलकं जेवण आणि विश्रांती. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारलं आहे. २००० सालापासून तिथं अमेरिकी डॉलरच चालतो, त्यामुळे पैसे बदलायची कटकट नाही. आम्ही आधी मुलीकडे जाऊन तिच्याबरोबर पुढे जाणार. जे भारतातून जातील त्यांनी लक्षात ठेवावं की अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपमार्गे जाणं सोपं पडू शकतं. इक्वेडोरच्या व्हिसाची चौकशी तिकीट काढायच्या आधी. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची आणि दाखला जपायचा, कारण त्या भागातून परतणाऱ्याकडे दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. ही लस तालुक्याला मिळत नाही. आमच्यासारख्यांना मुंबई गाठावी लागते. आणखी एक. जानेवारी २०२४ पासून तिथं गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध सरकारची मोठी मोहीम चालू आहे, किनाऱ्यावरच्या काही शहरांत परिस्थिती बरी नाही. म्हणून ग्वायाकिलमध्ये मुक्काम ठेवला नाही. बेटांकडे जायचं तेही किटोवरून.

शेवटचा टप्पा तापिचालाकाचा. मोठा वळसा आहे, रस्ता डोंगरातला आहे, वरून सतत पाऊस. तिथं चैनीचं काही नाही. जावईबापूंनी विचारलं, ‘आई, एका पक्ष्यासाठी एवढं?’ मी हो म्हटलं. त्या पक्ष्यापाशी जाऊन मला जे विचारायचं आहे त्याची यादी पाड्यावरचा मुलगा आणि मी मिळून केली आहे. वनरक्षक जवळच्याच गावातला आहे का, आणि पहिल्या वर्षी त्याचा पगार कुठून आला? एका वेळी किती माणसं नेता, सहा की चार? पक्षी आला नाही तर पाहुण्याला काय सांगता? पावसाळ्यात, पाहुणे नसताना, लोकांचं कसं चालतं? खोल्या आधी बांधल्या की वाट आधी आखली? शेवटचा प्रश्न मुलाच्या आईचा. ती चुलीपासून न उठता म्हणाली, ‘बाई, स्वयंपाक कोण करतं तेही विचारा. आणि ते पाहुण्यांना आपलं खायला घालतात की पाहुण्यांचं?’ तोही लिहून घेतला. दरम्यान पाड्यावर दोन खोल्यांचा विचार सुरू झाला आहे. न्हाणीघर आधी बांधायचं, कारण ह्यांचे गुडघे पुढच्या थंडीतही असणार आहेत आणि मुलीची दोन मित्रकुटुंबं डिसेंबरात यायचं म्हणताहेत.